स्टीलचं सोवळं

"साधं वेल्डिंग तर मारायचंय हो, पाच मिनिटांचं काम!" हे वाक्य म्हटल्याशिवाय आमच्या वर्कशॉपची पायरी चढायची नाही, असा रत्नागिरीतल्या यच्चयावत गिऱ्हाइकांचा पण असावा. बरं, ते खोटंही नाही. जोड मारायला पाच मिनिटंच लागतात. पण त्याच्या आधी अख्खी सकाळ आणि नंतर उरलेला दिवस घासण्यात जातो हे सांगायला गेलं, की समोरचा 'हा बिल फुगवतोय' अशा नजरेनं बघायला लागतो. लोखंडाच्या ग्रिलचं बरं असतं. जोड मारा, खपली पाडा, रेड ऑक्साइड फासा आणि वरून काळा रंग. पाप झाकायला दोन कोट पुरतात. स्टेनलेस स्टीलला रंग नाही. जे कराल ते उघड्यावर.

माझ्या आजीचं सोवळं कडक होतं, पण आमच्या मिस्त्रींपुढे ती अगदीच पुरोगामी वाटावी. लोखंडाला लागलेली घासायची चकती स्टीलला लावायची नाही. स्टीलचा वायर ब्रश वेगळा, त्याच्या दांड्याला लाल टेप, आणि त्या ब्रशनं कुणी लोखंडी गेट खरवडलं तर त्या दिवशी चहा बंद. पाइप लोखंडी टेबलावर थेट ठेवायचा नाही, खाली फळी हवी. शेजारी कुणी गेटचं काम काढलं की मधे ताडपत्री, कारण तिकडची ठिणगी इकडे उडाली तरी विटाळ होतो. आजीच्या विटाळाला निदान आंघोळीचा उतारा होता. इथे लोखंडाचा कण स्टीलच्या अंगात रुतला, की पहिल्या पावसात तिथे तांबडा ठिपका उगवतो आणि ठिपक्यापाठोपाठ गिऱ्हाइकाचा फोन.

यामागचं शास्त्र मिस्त्रींनी मला एकदाच सांगितलं, तेही ग्राइंडर चालू असताना. उरलेलं मी वाचून काढलं. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की हवेतल्या ऑक्सिजनशी संधान बांधून ते पृष्ठभागावर एक पापुद्रा धरतं. केसाच्या हजारो पट पातळ. स्टीलची सगळी अब्रू त्या पापुद्र्यावर. ओरखडा पडला तर तो पापुद्रा आपोआप पुन्हा धरतो, पण अंग स्वच्छ असेल तरच. 1913 साली इंग्लंडमधल्या शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून बघत होता, त्यातून हे न गंजणारं पोलाद हाती लागलं. शेफिल्डला समुद्र नाही. आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर एखाद्या बंगल्याचं रेलिंग लावून दाखवलं असतं, तर साहेबाला कळलं असतं खारा वारा काय असतो ते.

म्हणून समुद्राकाठी मॉलिब्डेनम हा धातू घातलेलं 316 नंबरचं स्टील लावा म्हणून आम्ही घसा कोरडा करतो. गिऱ्हाईक 316चा भाव ऐकतं आणि मॉलिब्डेनम नसलेल्या 304वर येतं. त्यातही खिशातून लोहचुंबक काढतं. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं, चुंबक चिकटला तर माल नकली. आता गंमत अशी, की स्वस्तातल्या 202लाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल 304 जिथे वाकवलंय तिथे जरासं ओढ घेतं. म्हणजे आम्ही चोख माल लावावा आणि वाकवलेल्या जागी चुंबक चिकटल्याबद्दल बोलणी खावी.

आता तयारी. पाइप कापायचा, कडेला उरलेले बोचरे कंगोरे काढायचे, जोडाच्या दोन्ही बाजू घासून लख्ख करायच्या आणि ॲसिटोननं पुसायच्या. यानंतर पाइपला उघडा हात लावणं महापातक. आमचा हेल्पर गुणी पोरगा आहे, पण वडापाव खाल्लेला हात पँटला पुसला की तो शुद्ध होतो अशी त्याची श्रद्धा. वेल्डिंगची आर्क पेटली की हाताचं ते तेल जळतं आणि जोडाशेजारी काळसर डाग उमटतो. मग पुन्हा घासा, पुन्हा ॲसिटोन. पोराचं म्हणणं, "दिसत तर नव्हतं काही!" दिसत नाही म्हणूनच तर पुसायचं, बाबा.

वेल्डिंगबद्दल सांगण्यासारखं फार नाही. जोडाला हवा लागू नये म्हणून आर्गन वायू सोडायचा, टॅक म्हणजे ठिकठिकाणी छोटे टाके मारायचे, जोड ओढायचा. एवढंच, की स्टील उष्णता पुढे ढकलत नाही. साध्या लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश. सगळा राग जागच्या जागी धरून ठेवतं आणि वाकतं. जोडाच्या कडेला आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा पट्टा चढतो. दिसायला झकास. पण त्या रंगाखालचं क्रोमियम कमी झालेलं असतं, आणि पुढे गंज पहिल्यांदा तिथेच येतो. तो रंग काढावाच लागतो. घासून, नाहीतर पिकलिंग पेस्ट लावून. त्या पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अशी दोन ॲसिडं असतात, आणि दुसरं असं कपटी की कातडीतून आत शिरेपर्यंत कधीकधी दुखतसुद्धा नाही. त्यामुळे हातमोजे, चष्मा, मोकळी हवा आणि नंतर बदाबदा पाणी. इथे मिस्त्री थट्टा करत नाहीत, म्हणून मीही करत नाही.

आणि मग ते बफिंग. जोडाचा उंचवटा 60 नंबरच्या खरखरीत फ्लॅप डिस्कनं, म्हणजे घासायच्या चकतीनं उतरवायचा, त्याच्या रेघा त्याहून बारीक 120नं घालवायच्या, 120च्या 240नं. दर वेळी दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. कंटाळून मधला नंबर गाळला तर तेव्हा कुणालाच पत्ता लागत नाही. कापडी बफला लस्टर, म्हणजे पॉलिशची वडी, लावून आरसा चढत आला, की साठ नंबरची एक रेघ आतून वर येते आणि हसते. की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी पाइपात तोंड दिसतं खरं, पण ते बफच्या काळ्या धुळीनं असं माखलेलं असतं की ओळख पटायला वेळ लागतो. नाक शिंकरलं की रुमालही काळा.

एवढं करून रेलिंग बसवून यावं, तर पाठोपाठ फरशीवाले येतात. सिमेंटचे डाग घालवायला ते जे ॲसिड ओततात ना, ते स्टीलचं जन्माचं वैरी. नुसत्या वाफेनंही रेलिंगला पुरळ उठतं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी फोन येतो, "तुमचं स्टील गंजलं!" फरशीवाला तोवर पैसे घेऊन गावी गेलेला असतो.

परवा अशाच एका जिन्याचं काम चालू होतं. जोड मारून झाले होते, मिस्त्री मोजे चढवून पेस्टचं झाकण उघडणार, तेवढ्यात घरच्या वहिनी चहा घेऊन आल्या. जोडापाशी थबकल्या. म्हणाल्या, "अय्या, हा मोरपंखी रंग किती गोड आलाय! घालवू नका हं. उलट सगळ्या पाइपला असाच द्या ना."

मिस्त्रींनी चहाचा कप घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "देतो की वहिनी. मोरपंखीचे पैसे वेगळे पडतील. पावसाळ्यानंतर त्याचा तांबडा होईल, तो मात्र फुकट."