शेअरपॉइंटमधलं 'गायब' फीचर: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

शेअरपॉइंट म्हणजे संस्थेच्या अंतर्गत साइट, याद्या आणि दस्तऐवज ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन. त्यावर काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: "फीचर दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टने ते काढलंय, नाहीतर तुमचं लायसन्स हलकं आहे. तसं नसेल तर ॲडमिन हक्क घ्या, कॅशे साफ करा, फीचर बंद करून परत चालू करा. स्वतः बनवलेला वेब पार्ट (पानावर बसवायचा तुकडा) असेल तर पॅकेज पुन्हा चढवा. तरीही नाही आलं तर सरळ नवी साइट काढा." खाली अंगठ्यांची रांग आणि 'धन्यवाद सर'.

यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी बाबतीत कधीतरी खरं ठरलेलं असतं, म्हणून तर ते फिरतं. पण 'दिसत नाही' या एका तक्रारीमागे अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. फीचर सर्व्हरवर बसवलेलंच नसेल. बसवलेलं असेल, पण त्या साइटवर चालू नसेल. चालू असेल, पण तुमच्या हक्कांमुळे किंवा टेनंटच्या, म्हणजे संस्थेच्या अख्ख्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या, एखाद्या सेटिंगमुळे मेन्यूतून दडलेलं असेल. पान जुन्या क्लासिक धाटणीचं असेल आणि तिथे ते लागूच होत नसेल. किंवा तुमच्या टेनंटपर्यंत ते अजून पोचलं नसेल. यातलं काय आहे ते न पाहता उपाय सुरू केले, की रोग रेड्याला आणि औषध पखालीला. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"मायक्रोसॉफ्टने काढलं"

काढतात, हे खरं आहे. शेअरपॉइंट ऑनलाइनमधले (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या शेअरपॉइंटमधले) २०१० च्या पद्धतीचे वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या, १ नोव्हेंबर २०२० ला बंद झाले. २०१३ च्या पद्धतीचे वर्कफ्लो आणि ॲड-इन हा अख्खा प्रकार, दोन्हींसाठी २ एप्रिल २०२६ ही अखेरची तारीख जाहीर झाली. शेअरपॉइंट डिझायनर २०१३ ला १४ जुलै २०२६ पर्यंतचीच मुदत. मात्र या सगळ्या गोष्टी तारखेसकट आधी जाहीर झालेल्या आहेत. २०१० च्या वर्कफ्लोंना जेमतेम चार महिने मिळाले आणि त्यावर लोक रागावले तेही रास्तच होतं, पण सूचना होती. जे काल संध्याकाळी होतं आणि आज सकाळी नाही, ज्याबद्दल मेसेज सेंटरमध्ये, म्हणजे ॲडमिनसाठीच्या सूचनाफलकावर, एक ओळही नाही, ते 'काढलेलं' असण्याची शक्यता फारच कमी.

'काढलं' असा आरोप ज्यांच्यावरून सर्वांत जास्त होतो ती मंडळी ठरलेली आहेत: स्क्रिप्ट एडिटर वेब पार्ट, कंटेंट एडिटर, सोल्यूशन गॅलरी, थीम गॅलरी, 'सेव्ह साइट ॲज टेम्प्लेट' आणि 'सेव्ह लिस्ट ॲज टेम्प्लेट'. एकाच साइटवरून ही सगळी एकदम नाहीशी झाली असतील, तर वेगवेगळी कारणं शोधत बसू नका. त्या साइटवर कस्टम स्क्रिप्टला, म्हणजे स्वतःचा कोड घालण्याला, मनाई आहे, एवढंच त्याचं कारण. ग्रुपला जोडलेल्या आधुनिक टीम साइटवर ही मनाई मुळातच असते. शेअरपॉइंट ॲडमिनला ती पॉवरशेलमधून (आज्ञा टाइप करायच्या साधनातून) 'सेट-एसपीओसाइट' वापरून, 'डिनाय ॲड अँड कस्टमाइज पेजेस' ही किंमत बदलून, उठवता येते.

पण इथे २०२४ मध्ये एक मोठा बदल झाला. आता ही मनाई उठवली तरी २४ तासांच्या आत ती आपोआप परत लागू होते. सोमवारी दुपारी ॲडमिनने परवानगी दिली, डेव्हलपरने काम केलं, मंगळवारी पाहतो तर मेन्यू पुन्हा रिकामा. मग 'मायक्रोसॉफ्टने गुपचूप काढलं' ही कथा तयार होते. यात गुपचूप काही नाही. मुदत २४ तासांचीच आहे, तेवढ्यात काम उरकायचं आणि पुन्हा लागलं तर पुन्हा परवानगी मागायची. त्याहून बरं म्हणजे त्या स्क्रिप्टच्या जागी शेअरपॉइंट फ्रेमवर्क या मायक्रोसॉफ्टच्या नव्या चौकटीतला वेब पार्ट लिहायचा. तो या मनाईच्या कचाट्यात सहसा येत नाही. 'सहसा' का म्हटलं, ते पुढे.

'सेव्ह साइट ॲज टेम्प्लेट' जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे पब्लिशिंग फीचर, म्हणजे पानं तयार करून प्रसिद्ध करायची क्लासिक सोय. ते चालू असलेल्या किंवा पूर्वी कधीतरी चालू केलेल्या साइटवर हा पर्याय समर्थित नाही. यावर 'थेट टेम्प्लेटच्या पानाचा पत्ता टाइप करा' अशी पळवाट लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. पान उघडतंही. पण त्यातून निघालेल्या टेम्प्लेटवर उभी राहिलेली साइट पुढे अडखळली, तर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टकडे दाद मागता येणार नाही. लिंक लपवली होती ती त्याचसाठी.

"लायसन्स हलकं आहे"

स्वतःच्या सर्व्हरवर शेअरपॉइंट असेल तर स्टँडर्ड आणि एंटरप्राइझ हा फरक खराच आहे. ऑनलाइनमध्ये मात्र साइट, लिस्ट, लायब्ररी, पानं, फ्रेमवर्कचे वेब पार्ट हे सगळं प्लॅन १ मध्येही आहे. सोपी कसोटी अशी: एकाच प्लॅनवरच्या दोघांपैकी एकाला फीचर दिसतं आणि दुसऱ्याला नाही, तर प्लॅनचा प्रश्नच मिटला. अशा वेळी टार्गेटेड रिलीज तपासा. टेनंटमधल्या निवडक लोकांना नवी फीचर्स आधी देण्याची ती सोय आहे, आणि शेजारच्या टेबलावर जे दिसतं ते तुमच्याकडे काही आठवड्यांनी येऊ शकतं.

"ॲडमिन हक्क घ्या"

कुठला ॲडमिन? या सल्ल्यात तेच नसतं. साइटवर 'फुल कंट्रोल' असलेला मालक आणि साइट कलेक्शनचा (वरची साइट आणि तिच्या सबसाइट मिळून होणाऱ्या संचाचा) ॲडमिन ही दोन वेगळी माणसं. 'साइट कलेक्शन फीचर्स' ही लिंक फक्त दुसऱ्याला दिसते, तीही सर्वांत वरच्या साइटच्या सेटिंग्जमध्ये. सबसाइटमध्ये बसून ती शोधणाऱ्याला कितीही हक्क दिले तरी सापडायची नाही. ग्लोबल ॲडमिन झालात म्हणून प्रत्येक साइटमध्ये आपोआप प्रवेश मिळतो, हाही गैरसमजच. तो स्वतःला हक्क देऊ शकतो, पण आधी द्यावे लागतात.

आणि काही कुलपं हक्कांनी उघडतच नाहीत. 'नवीन' मेन्यूतली 'सबसाइट' ही ओळ टेनंटच्या एका सेटिंगने लपते, मग तुम्ही साइट कलेक्शन ॲडमिन असलात तरी. कस्टम स्क्रिप्टची मनाईसुद्धा पानं बदलण्याचा तो विशिष्ट हक्क सर्वांकडूनच काढून घेते. म्हणूनच साइटची प्रॉपर्टी बॅग (साइटविषयीच्या अंतर्गत नोंदी) बदलायला गेलेल्या पूर्ण ॲडमिनच्या तोंडावर 'ॲक्सेस डिनाइड' आदळतं आणि तो चक्रावतो. हक्कांचाच संशय असेल तर 'चेक परमिशन्स' दाबून पाहा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तपासापुरते दिलेले फुल कंट्रोल परत काढून घ्यायची आठवण कुणाला राहत नाही, हे ऑडिटवाल्यांना विचारा.

"कॅशे साफ करा"

ब्राउझरचा कॅशे साफ करून नुकसान होत नाही, फायदाही क्वचित. सल्ल्यात अभिप्रेत असतो तो सर्व्हरवरचा कॉन्फिगरेशन कॅशे: सर्व सर्व्हरांवर टायमर सर्व्हिस (ठरल्या वेळी कामं चालवणारी) थांबवायची, कॉन्फिग फोल्डरातल्या फक्त एक्सएमएल फायली पुसायच्या, 'कॅशे डॉट आयएनआय'मध्ये १ लिहायचं, सर्व्हिस परत सुरू करायची. अडकलेल्या टायमर जॉबवर हा उपाय खरोखर चालतो. शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये मात्र या फोल्डरापर्यंत तुमचा हातच पोचत नाही. तरी ऑनलाइनवाल्यांनाही हाच सल्ला अगदी गंभीर चेहऱ्याने दिला जातो.

सर्व्हरवाल्यांसाठी याहून उपयोगी प्रश्न वेगळा आहे: फीचर 'कधी दिसतं, कधी नाही' असं होतंय का? तसं असेल तर लोड बॅलन्सरच्या (सर्व्हरांत काम वाटणाऱ्या यंत्रणेच्या) मागचा प्रत्येक सर्व्हर वेगळा उघडून पाहा. एखाद्यावर टायमर सर्व्हिस बंद असते, सोल्यूशन (स्वतःच्या कोडचं पॅकेज) 'डिप्लॉइंग'वर अडकलेलं असतं आणि फायली तिथे पोचलेल्याच नसतात.

"फीचर बंद करून परत चालू करा"

या सगळ्यात धोक्याचा सल्ला हा. फीचर बंद करताना डेव्हलपरने लिहिलेला कोडही चालू शकतो. त्या कोडमध्ये 'आपण बनवलेली लिस्ट पुसून जा' असं असेल, तर लिस्ट आतल्या नोंदींसकट जाते. मागच्या कंत्राटदाराने तिथे काय लिहून ठेवलंय हे न बघता बंद-चालू करणं हा जुगार आहे.

शिवाय बंद-चालू करण्यासाठी फीचर यादीत तर दिसायला हवं. शेअरपॉइंटची बरीच फीचर्स 'हिडन' असतात. सेटिंग्जच्या पानावर ती येतच नाहीत. २०१० च्या काळापासूनचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नवा कॉलम करताना 'मॅनेज्ड मेटाडेटा' (ठरवून दिलेल्या शब्दांतून निवडायचा) हा प्रकारच यादीत नसणं. लोक टर्म स्टोअर, म्हणजे त्या शब्दांचं कोठार, तपासतात, सर्व्हिस ॲप्लिकेशन पुन्हा बांधतात. प्रत्यक्षात त्या साइट कलेक्शनवर टॅक्सॉनॉमीचं हिडन फीचर चालू झालेलं नसतं, आणि पॉवरशेलमधल्या 'एनेबल-एसपीफीचर'च्या एका ओळीत काम होतं.

सर्व्हरवर स्वतःचं सोल्यूशन असेल तर तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत: सोल्यूशन फार्ममध्ये (सर्व्हरांच्या संचात) जमा करणं, ते डिप्लॉय करणं आणि फीचर त्या-त्या ठिकाणी चालू करणं. फीचरची व्याप्तीही चार प्रकारची: फार्म, वेब ॲप्लिकेशन, साइट कलेक्शन, साइट. व्याप्ती साइट कलेक्शनची आणि शोध चाललाय साइटच्या यादीत, हा घोळ अनुभवी माणसांकडूनही होतो.

काही फीचर्स चालू केल्यावरही लगेच हजर होत नाहीत. डॉक्युमेंट आयडी (प्रत्येक दस्तऐवजाला ओळख-क्रमांक देणारं फीचर) चालू केलं की 'काम आपोआप होणाऱ्या प्रक्रियेकडे सोपवलं आहे' अशा अर्थाची सूचना येते. सर्व्हरवर त्याचे टायमर जॉब रात्री धावतात. दुपारी चार वेळा बंद-चालू करणारा माणूस फक्त रात्रीची वाट लांबवतो. डॉक्युमेंट सेटचं (दस्तऐवजांचा गठ्ठा एकत्र हाताळणाऱ्या फीचरचं) आणखी वेगळं: फीचर चालू केल्यावर लायब्ररीत कंटेंट टाइप (नोंदींचे ठरवलेले प्रकार) हाताळायची परवानगी द्यावी लागते, मग तो कंटेंट टाइप जोडावा लागतो. तोपर्यंत 'नवीन' मेन्यूत काही दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

स्थलांतराच्या वेळचं 'मिसिंग फीचर' तर अगदी उलट जातीचं. शेअरपॉइंट २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार १४ जुलै २०२६ ला संपत असल्याने सबस्क्रिप्शन एडिशन या नंतरच्या आवृत्तीकडे जाणाऱ्यांनी हा अहवाल पाहिलेला असेल. 'टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस' ही पॉवरशेलची आज्ञा चालवली की 'मिसिंग फीचर', 'मिसिंग सेटअप फाइल', 'मिसिंग वेब पार्ट' अशा नोंदींची रांग लागते. म्हणजे डेटाबेसमध्ये फीचरचा उल्लेख आहे, पण नव्या फार्मवर ते बसवलेलं नाही. घाबरण्याआधी प्रत्येक नोंदीतला 'अपग्रेड ब्लॉकिंग' हा रकाना वाचा; तिथे 'फॉल्स' असेल तर त्या नोंदीमुळे अपग्रेड अडत नाही. फीचर वापरात असेल तर त्याचं सोल्यूशन नव्या फार्मवर बसवा. मेलेलं असेल तर पॉवरशेलने तो उल्लेख काढा. एसक्यूएलमध्ये शिरून थेट ओळी उडवू नका. कितीही मोह झाला तरी नाही. तसं केलेला डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या आधाराबाहेर जातो.

"पॅकेज पुन्हा चढवा"

तेच पॅकेज दहा वेळा चढवलं तरी निकाल तोच. टूलबॉक्समध्ये वेब पार्ट नसेल तर आधी मॅनिफेस्ट, म्हणजे वेब पार्टची माहिती देणारी फाइल, उघडा. 'हिडन फ्रॉम टूलबॉक्स' ट्रू आहे का? 'सपोर्टेड होस्ट्स'मध्ये फक्त टीम्स लिहिलंय का? आणि मघाचा 'सहसा' इथला: 'रिक्वायर्स कस्टम स्क्रिप्ट' ट्रू असेल, तर स्क्रिप्टची मनाई असलेल्या साइटवर तो वेब पार्ट मिळतच नाही. एका साइटवर आहे, दुसरीवर नाही, असं दिसलं की पहिला संशय यावर.

मग पॅकेजच्या कॉन्फिगमधलं 'स्किप फीचर डिप्लॉयमेंट' पाहा. ते ट्रू नसेल तर ॲप कॅटलॉगमध्ये (संस्थेच्या ॲपच्या कोठारात) चढवणं पुरेसं नाही. प्रत्येक साइटवर जाऊन ॲप जोडावं लागतं. स्वतःच्या सर्व्हरवर असाल तर फ्रेमवर्कची आवृत्तीही जुळायला हवी: २०१६ वर फीचर पॅक २ सह १.१.०, २०१९ वर १.४.१, सबस्क्रिप्शन एडिशनवर १.५.१. ऑनलाइनसाठी ताज्या आवृत्तीत बांधलेलं पॅकेज २०१९ वर चालणार नाही. ॲप्लिकेशन कस्टमायझर (पानांना हेडर-फूटर जोडणारा कोड) तर क्लासिक पानांवर येतच नाही. हेडर काही पानांवर दिसतं आणि काहींवर नाही, याचं उत्तर बहुधा तेच.

"माझ्याकडे चालतं, बाकी कुणाकडे नाही" ही तक्रार तर ओळखीचीच. डीबग बिल्डचं (चाचणीपुरतं बांधलेलं) पॅकेज चढवलेलं असतं, ते लोकलहोस्टकडे, म्हणजे बनवणाऱ्याच्याच संगणकाकडे, बोट दाखवतं, आणि लोकलहोस्ट फक्त डेव्हलपरच्या लॅपटॉपवर जिवंत असतो. प्रॉडक्शन बिल्ड करून पॅकेज बांधा.

"नवी साइट काढा"

कधीकधी हे करावंच लागतं. साइट ज्या टेम्प्लेटवर जन्मली ते नंतर बदलता येत नाही, आणि कम्युनिकेशन साइटवर पब्लिशिंग फीचर समर्थित नाही. तिथे तेच हवं असेल तर दुसरी साइट हाच मार्ग. बाकी प्रसंगी नवी साइट म्हणजे तोच दोष नव्या पत्त्यावर. टेनंटचं सेटिंग तिथेही लागू होणार, चुकीचं मॅनिफेस्ट तिथेही चुकीचंच राहणार, आणि वर जुन्या साइटवरच्या लिंका, हक्क आणि दस्तऐवजांच्या आवृत्त्या हलवायचं काम अंगावर पडणार.

नवी साइट काढायचीच असेल तर ती तुलनेसाठी काढा. फीचर नीट चालणारी एक साइट आणि न चालणारी एक, दोन्हींवर 'गेट-पीएनपीफीचर' ही पॉवरशेलची आज्ञा चालवा: एकदा साइट कलेक्शनच्या व्याप्तीत, एकदा साइटच्या. चालू असलेली हिडन फीचर्सही त्या यादीत येतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवून फरकाच्या ओळी बघा, आणि त्याच बैठकीत दोन्हींचं टेम्प्लेट आणि कस्टम स्क्रिप्टची स्थितीही उतरवून घ्या. याद्या तंतोतंत सारख्या निघाल्या तर फीचरला सोडा आणि पान क्लासिक आहे की आधुनिक, हे पाहा.