पोरगं नुसतंच खेळतंय? उपाय आहे

संध्याकाळी सहाला तुमचं पोरगं पार्किंगमध्ये दिसलं, गुडघ्याला माती, हातात फरशीचा तुकडा, आणि "काय करतोयस रे?" म्हटल्यावर "काय नाही, खेळतोय" असं उत्तर आलं, तर घाबरू नका. आजार अजून सुरुवातीला आहे. कोल्हापुरात आता यावर क्लास निघालेत. माझ्या नातीला मी वेळीच घातलं, म्हणून हक्कानं सांगतो.

मुख्य म्हणजे खेळाला विरोध करू नका. ती आमच्या वडिलांची पद्धत होती आणि सपशेल फसली. त्यांनी एक ठेवून दिली की आम्ही मागच्या दारानं पुन्हा गल्लीत. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारनंही हीच चूक केली. फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या गृहस्थानं १८३७ साली लहान मुलांसाठी खेळाची शाळा काढली, १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, वाफ्यात लावायला रोपं, असा सगळा सरंजाम. सरकार बिथरलं आणि १८५१ मध्ये या बागांवर बंदी आली. झालं काय? बागा जगभर पसरल्या. म्हणून बंदी घालायची नाही. प्रवेश द्यायचा, पावती फाडायची. खेळ आपोआप आटोक्यात येतो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आपण खेळ सक्तीचा करून दाखवला. मोफतचं तेवढं जमलं नाही.

क्लास निवडताना माहितीपत्रकात 'मुक्त' हा शब्द किती वेळा आलाय ते मोजा. जितकं मुक्त, तितकी फी जास्त. आमच्या क्लासचं वेळापत्रक बघा: पाच ते पाच वीस मुक्त खेळ, पाच वीस ते पाच तीस आनंद, मग फोटो. फोटो ग्रुपवर आला नाही तर मूल खेळलंच नाही असं समजायचं.

आता गोट्यांकडे वळू, कारण धोका तिथं सगळ्यांत जास्त आहे. ज्याँ पियाजे हा स्वित्झर्लंडचा विद्वान चक्क गोट्या खेळणाऱ्या पोरांशेजारी जाऊन बसला आणि विचारू लागला, की हे नियम केले कुणी? धाकटी पोरं म्हणाली, बाबांनी, थोरामोठ्यांनी, देवानं. नियम बदलता येत नाहीत. मोठी पोरं म्हणाली, आमचे आम्हीच करतो, सगळ्यांना पटलं तर बदलतोसुद्धा. १९३२ साली त्यावर त्यानं आख्खं पुस्तक लिहिलं. न्याय म्हणजे काय हे पोरं भांडता भांडता शिकतात, असा त्याचा एकूण रोख.

म्हणजे बघा, शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत गल्लीच्या कोपऱ्यावर "गोटी हलली", "नाही हलली", "टाइमप्लीज", "रडीचा डाव खडी" असा जो कालवा चालतो, ती सहा-सात जणांची घटना समितीच म्हणायची. राज्य कुणावर हे तिथंच ठरतं. सगळ्यांत गंभीर प्रकार म्हणजे लिंबूटिंबू. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ रडत येतो. त्याला घेतलं तर डाव बिघडतो, न घेतलं तर तो घरी जाऊन सांगतो. मग पोरं ठरवतात: हा लिंबूटिंबू. पळेल सगळ्यांबरोबर, पण आउट झाला तरी राज्य येणार नाही. समावेशक शिक्षणावर मोठ्यांची शिबिरं होतात, चहा-बिस्किटासकट. हा ठराव पोरांनी पायरीवर बसून अर्ध्या मिनिटात केलेला असतो. असलं काही तुमच्या घरातल्यानं स्वतःच्या बुद्धीनं करू नये असं वाटत असेल तर प्रत्येक खेळाला एक ताई नेमा. शिट्टीवाली. भांडण सुरू व्हायच्या आत मिटवते.

तुमचं मूल कडेला उभं राहून दुसऱ्यांचा खेळ नुसतं बघतं का? मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेनं १९३२ मध्येच मुलांच्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले, त्यात असं बघत राहणं हासुद्धा एक प्रकार आहे. तो भाग वाचू नका. सरळ समुपदेशकाची वेळ घ्या.

खेळण्यांबाबत कंजूषपणा नको. ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडकडे काम करताना महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे असली आसपासची वस्तू मुलांच्या हातात दिली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दही त्यांचाच. आता चिंचोके तुमच्या स्वयंपाकघरातही सापडतील, पण त्यांच्यावर वयोगट छापलेला नसतो आणि पाहुण्यांना दाखवायला ते काही बरे दिसत नाहीत. शिवाय फुंकर मारून चिंचोका उडवता आला म्हणून प्रमाणपत्र कोण देणार?

सरकारही या बाबतीत मागं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांपर्यंत खेळातून शिक्षण असं स्वच्छ लिहिलंय, आणि २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची, कोड्यांची, बाहुल्यांची पेटीही आली. अशीच एक खेळण्यांची पेटी मी एका शाळेत पाहिली. कार्यालयातल्या कपाटात, कुलूप लावून, वर प्लॅस्टिकचं आवरण. "पोरांच्या हातात दिली तर खराब होईल की हो," असं मला तिथं सांगण्यात आलं. याला म्हणतात जपणूक.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चार लोकांत हा विषय निघाला की कुणीतरी लीलाताई पाटलांचं नाव काढतंच. याच कोल्हापुरात १९८५ मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, मुलांना शिकण्यात आनंद वाटला पाहिजे हा हट्ट धरला आणि आयुष्यभर तो सोडला नाही. यावर "ते दिवस वेगळे होते" असं म्हणावं आणि तांबड्या रश्श्याचा विषय काढावा. कोल्हापुरात तेवढ्यानं भागतं.

आता एक अडचण सांगतो, तिच्यावर मला अजून उतारा सापडलेला नाही. लेव व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं दोन बहिणींचं उदाहरण दिलंय. त्या म्हणतात, "चल, आपण बहिणी-बहिणी खेळू." आहेतच की बहिणी! पण खेळ सुरू झाला की त्या बहिणींनी कसं वागायचं याचे नियम पाळायला लागतात, सारखे कपडे, हातात हात. एरवी जे लक्षातही येत नाही ते खेळात दिसायला लागतं.

परवा क्लासला सुट्टी होती. नात जिन्यात. वॉचमनचा मुलगा, वरच्या मजल्यावरची दोघं आणि ती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"क्लास-क्लास खेळतोय. मी ताई झालो," ती म्हणाली. मग पोरांकडे वळून तिनं टाळी वाजवली. "चला, आता सगळ्यांनी मोकळं खेळायचं. कुणी हलायचं नाही."

पोरं पायरीवर हाताची घडी घालून बसली. वॉचमनचा मुलगा हसू दाबत होता, तर तिनं त्याला 'आनंद अजून सुरू झालेला नाही' म्हणून दटावलं. मीही एका पायरीवर टेकलो. घडी घालायला हात उचलले, तेवढ्यात ताईंनी जाहीर केलं, "आजोबा लिंबूटिंबू."

मोबाईल वर घरातच राहिला होता. ग्रुपवर टाकायला फोटो नाही.