कार्टरला तो झगा कशाला?

‘स्टारगेट एसजी-१’ ही विज्ञानकथा मालिका बघ असं कुणाला सांगितलं की माझ्या पोटात गोळाच येतो. सुरुवातीलाच ‘इमॅन्सिपेशन’ हा भाग येतो आणि लोक तिथे मालिका सोडतात. परवा मावसबहिणीनेही सोडली. अर्ध्यातच!

तिला काय बोलणार? भाग आहेच तसा. १९९७ साल. सॅम कार्टर अमेरिकन हवाई दलात कॅप्टन, खगोलभौतिकीतली डॉक्टर, आखाती युद्धात विमानं उडवलेली. पहिल्या भागात ती हे सगळं पथकप्रमुख कर्नल ओनीलला ठणकावून सांगते. आणि लगेच परग्रहावरच्या मंगोलांच्या वंशजांतला एक पोरगा तिला पळवून नेतो, निळ्या पायघोळ झग्यातच टोळीप्रमुखाला विकतो! अरे, मग तिचं लष्करी प्रशिक्षण गेलं कुठे?

त्याहून संताप सुटकेचा. ओनील स्वतःचं पिस्तूल देऊन तिला सोडवतो. बायकांना गुरांसारखं विकणाऱ्या माणसाच्या हातात पिस्तूल! कुठला कर्नल असं करेल? लष्करी मालिका म्हणवता ना?

बरं, मंगोल बायका घोड्यावर बसायच्या, तंबू, गुरं, सगळं सांभाळायच्या. इथे त्यांना बुरख्यात कोंडलंय. शेवटी कार्टर सुरीच्या झुंजीत प्रमुखाला हरवते, पण तोवर ती अधिकारी आहे हे लेखकांना आठवलेलंच नसतं.

बहिणीला म्हटलं, तो भाग सोड, पुढचा लाव. तर पुढचा ‘द ब्रोका डिव्हाइड’! त्यात कार्टरला रोगाची लागण होते आणि ती ओनीलच्या अंगावर झेपावते. परत तेच!