खिडकीकडचा वैद्य

फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये फर्मागुडीच्या चढावर मला एकाएकी असा घाम फुटला, की शेजारच्या गृहस्थांनी मांडीवरची पिशवी स्वतःकडे ओढून घेतली. खिडकी त्यांच्या बाजूला होती आणि घट्ट बंद होती. ती जरा उघडण्याची मी विनंती केली. माझी मागणी एवढीच होती, हे येथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

"वय काय आपले?" त्यांनी विचारले.

"मी खिडकीविषयी बोलत होते."

"खिडकीने काय होणार? हे आतले आहे." एवढे म्हणून त्यांनी घसा साफ केला. सबंध बस कोंकणीत गप्पा मारत असताना, नाजूक विषयाला शुद्ध मराठीच शोभते अशा थाटात, ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल एवढ्या आवाजात म्हणाले, "रजोनिवृत्ती! घाबरू नका. निसर्गाचे दुखणे निसर्गानेच बरे करावे."

कंडक्टरचा तिकीट फाडणारा हात थांबला. मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलांनी कानांतून इयरफोन काढले. गृहस्थांना मात्र आता वर्गच मिळाला होता. त्यांच्या थोरल्या वहिनींनाही असेच होत असे, मग त्यांनी रोज अळशी भाजून, कुटून खाल्ली, रात्री दुधातून शतावरीचे चूर्ण घेतले, पहाटे दवावरून अनवाणी चालल्या, आणि मुख्य म्हणजे राग सोडला.

"मग थांबले का?" मी विचारले, कारण घामाने बेजार झालेली बाई काहीही विचारते.

"थांबले तर! आठ वर्षांत पूर्ण थांबले."

वारंवार अशा वाफा, म्हणजे अंगात एकाएकी उसळणारा उष्मा आणि घाम, येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना त्या सात वर्षांहून अधिक काळ छळतात, असे अमेरिकेतील एका दीर्घ पाहणीत दिसले आहे. म्हणजे वहिनींनी आठ वर्षे अळशी कुटली नसती, तरी बहुधा तेच झाले असते. मी हे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात पुढच्या बाकावरची, मासळी विकून रिकामी पाटी घेऊन निघालेली बाई मागे वळली. "बाये, सोलांचें उदक पी," ती मला म्हणाली, आणि मग त्यांच्याकडे पाहून, "आनी तूं जनेल उगड मरे!"

"मला वारा बाधतो," गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी खिडकी दोन बोटे सरकवली. बाणस्तारीला उतरताना ती पुन्हा नीट लावूनही गेले.

निसर्गाशी माझे वैर नाही. नाचणीचे तिजान मी आवडीने पिते, कारण शंभर ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरले की हाडे झपाट्याने विरळ होतात. पण वाफांचे कारण हाडांत नाही. इस्ट्रोजेन घटू लागले की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र किंचित उष्म्यानेही बिथरते आणि घाम सोडण्याचा हुकूम देते. त्यावर अळशीचा इलाज अमेरिकेत रीतसर तपासला गेला: काही बायकांना अळशीची वडी दिली, काहींना बिनअळशीची, आणि 2012 साली निष्कर्ष आला की दोन्हींकडचा त्रास सारखाच कमी झाला. उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती-तज्ज्ञांच्या संस्थेने 2023 साली तर पूरक चूर्णे, सोयाबीन आणि योगासनेही या वाफांसाठी सुचवण्याजोगी मानली नाहीत. वजन घटवणे आणि मानसोपचारातील एक पद्धत मात्र मानली. आसने इतर कारणांसाठी खुशाल करावीत, मीही करते. या वाफांवरच्या हार्मोनच्या गोळ्यांचे नाव काढले की मात्र सगळे दचकतात, कारण 2002 साली त्या गोळ्यांची एक मोठी अमेरिकन चाचणी कर्करोगाच्या धास्तीने मध्येच थांबली होती. साठीच्या आतल्या निरोगी बायकांच्या बाबतीत ते चित्र पुढे बरेच सौम्य झाले, ही बातमी आमच्या बसपर्यंत अजून आलेली नाही.

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नैसर्गिक म्हणून सांगितला जाणारा प्रत्येक उपाय भिजवायचा, भाजायचा, कुटायचा किंवा पहाटे उठून करायचा असतो, आणि तो त्रास होणाऱ्या बाईनेच करायचा असतो. पंख्याचा वेग वाढवणे, रात्रीची भांडी दुसऱ्याने घासणे, खिडकी उघडणे, यांतले काहीच कोणाच्या औषधांच्या यादीत नसते. सासूबाई मेथी सुचवतात, नणंद बीट सुचवते, आणि यजमान "तू चिडतेस फार" असे निदान करून पांघरूण ओढून घेतात. रात्री तीनला घामाने जाग आलेल्या बाईने पाचला उठून दव तुडवावे, असे ज्याला वाटते, त्याने निदान आठवडाभर सकाळचा चहा करावा. अळशीचे मग बघू.