सही करण्याआधीचा शेरा

परवा जेवणं झाल्यावर लेकीचं नागरिकशास्त्र घेत होते. वहीत उत्तर होतं, ‘राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख असतात.’ बरोबरच आहे, मार्क मिळतील. पण शेजारी पेन्सिलीनं ‘म्हणजे रबर स्टॅम्प’ असंही लिहिलेलं. ते वाचल्यापासून मला चैन नाही.

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सहकारी बँकेत एकवीस वर्षं कर्ज विभागात आहे. कर्ज मंजूर करते समिती. माझ्या हातात असतो तो शेरा. मागे एक फाइल आली, तारण कोपरीतला फ्लॅट, मूल्यांकन अहवाल दोन वर्षं जुना. वरून निरोप, आजच पुढे पाठवा. मी लिहिलं, ‘अहवाल जुना आहे. खुलासा व्हावा.’ फाइल परत गेली, नवा अहवाल लागला आणि कर्जाची रक्कम तीन लाखांनी खाली आली.

राष्ट्रपतींकडेही असा शेरा आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला त्यांच्यावर बंधनकारक असल्याचं १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं स्पष्ट केलं. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. पुन्हा तोच सल्ला आला की मानायचा. हे असंच असावं, कारण मतं मागायला लोकांच्या दारात सरकार जातं. म्हणून ‘राष्ट्रपतींनी सरकार बरखास्त करावं’ असे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर येतात तेव्हा, पक्ष कुठलाही असो, मी ते पुढे पाठवत नाही.

पण त्या एका शेऱ्यात किती ताकद आहे बघा. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी परत पाठवली. पंतप्रधान गुजराल यांच्या मंत्रिमंडळानं पुन्हा आग्रह धरला नाही आणि कल्याण सिंह यांचं सरकार राहिलं. २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलामांनी लाभाच्या पदांचं, म्हणजे काही सरकारी पदं सांभाळूनही खासदारकी टिकवू देणारं, विधेयक संसदेकडे परत पाठवलं. संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं, कलामांनी सही केली. मला दोघांचंही वागणं पटतं.

आणि २५ जून १९७५ ची रात्र. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्यापुढे आणीबाणीचा कागद आला तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकच झाली नव्हती. ती झाली दुसऱ्या दिवशी सकाळी, सही होऊन गेल्यावर. सल्ला परत पाठवण्याची तरतूद तेव्हा घटनेत नव्हती, हे खरं. पण कलम ७८ होतं, पहिल्यापासून. एखाद्या मंत्र्यानं घेतलेला निर्णय मंत्रिमंडळानं विचारात घेतला नसेल, तर तो मंत्रिमंडळापुढे ठेवा, असं राष्ट्रपती पंतप्रधानांना सांगू शकतात. कदाचित सकाळी तीच सही झाली असती. तरी एक रात्र मिळाली असती, आणि सही व्हायच्या आधी मंत्र्यांना तोंड उघडायची संधी मिळाली असती. ही गोष्ट मला आजही सलते. आता ४४व्या दुरुस्तीमुळे मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हाती आल्याशिवाय आणीबाणी जाहीर करता येत नाही.

फाइल दाबून ठेवणं मात्र मला मान्य नाही. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक लोकांची पत्रं उघडण्याचे अधिकार सरकारला देणारं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. कायदा झाला नाही याचा मला आनंदच आहे. पण त्यांनी ते कारण लिहून परत पाठवायला हवं होतं. विधेयकांवरच्या राष्ट्रपतींच्या सहीचं जे कलम १११ आहे, त्यात सहीसाठी मुदत नाही, ती असावी असं मला वाटतं.

लेकीला रात्री कलम ७८ मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, “मग त्यांनी विचारलं का नाही?”