३.८ सेकंदांत जायचं कुठे?

गाडीच्या माहितीपत्रकात जो आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, तोच कोकणात सगळ्यात कमी उपयोगाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. उदाहरणार्थ, बीवायडी सील या इलेक्ट्रिक गाडीची परफॉर्मन्स आवृत्ती. शून्य ते शंभर, ३.८ सेकंदांत. हिशेब मांडला तर तेवढ्यासाठी साधारण ५३ मीटर रस्ता लागतो आणि शंभरावरून पुन्हा शून्यावर यायला, कोरडं डांबर आणि बरे टायर धरून, आणखी ४० मीटर. म्हणजे शंभर मीटर सरळ, सपाट, मोकळा रस्ता हवा. तसा रस्ता आमच्याकडे आहे. त्यावर म्हैस बसते. म्हैस उठली तरी दुभाजक नसलेल्या रस्त्याला मोटारीची वेगमर्यादा ७० आहे. तिथे ही गाडी तीन सेकंदांच्या आतच पोचते आणि पुढचं सगळं चलन भरण्याचं काम.

तरीही ‘स्टँडर्ड घेऊ की परफॉर्मन्स’ हा प्रश्न सुटत नाही, कारण तो फक्त घेणाऱ्याचा नसतो. मुंबईहून फोनवर भाचा सांगतो, ‘मामा, घेतोस तर टॉपची घे.’ पडवीत बसलेले आजोबा सुपारी कातरताना एकच विचारतात, ‘गाडी बरी आसा, पण जातली खंय?’ माझ्या मते आजोबांचा प्रश्न अभियांत्रिकीच्या जास्त जवळ जातो.

आकडेच बघा. सील भारतात मार्च २०२४ मध्ये आली तेव्हा सगळ्यात स्वस्त आवृत्ती ४१ लाखांना होती: ६१.४४ युनिटांची बॅटरी, मागे एक मोटर, २०४ पीएस (म्हणजे अश्वशक्ती). मधली ४५.५५ लाखांना: मोटर एकच, पण बॅटरी ८२.५६ युनिटांची आणि एका चार्जमध्ये ६५० किलोमीटरचा कंपनीचा दावा. परफॉर्मन्स ५३ लाखांना: बॅटरी हीच, मोटरी दोन, ५३० पीएस आणि दावा ५८० किलोमीटरचा. म्हणजे साडेसात लाख जास्त मोजून ७० किलोमीटर कमी घ्यायचे. बाजारात पापलेटवाली असं वजन करायला लागली तर आपण तिच्याशी भांडू. शोरूममध्ये मात्र हसून सही करतो. आणि दावा हा दावाच. घाट, एसी, पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असतील तर त्यातले ७० टक्के धरा.

खरा फरक मात्र पीएसमध्ये नाही, टायरमध्ये आहे. परफॉर्मन्स म्हटलं की रिम मोठं येतं आणि रबर पातळ होतं. २२५/५० मापाच्या टायरची बाजूची भिंत ११२ मिलिमीटर उंच असते, २५५/३५ ची जेमतेम ८९. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की तो वाटीएवढा आहे की टोपाएवढा, हे कळायला एकच साधन असतं: तुमचं चाक. पातळ भिंतीचा टायर खड्ड्याच्या कडेवर रिमपर्यंत दबतो, आतले दोरे तुटतात आणि बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. त्यावर इलाज नाही, टायर बदलायचा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चरचं किट असतं. ते किट खिळ्याच्या भोकापुरतं. भिंत फाटली तर किटमधला भोक बुजवायचा चीक रस्त्यावर आणि तुम्ही एसटीच्या थांब्यावर. हायवेवरच्या टायरवाल्याकडे १६ इंची माप लगेच मिळेल. २१ इंची म्हटलंत की तो आधी तुम्हाला चहा देतो, मग कोल्हापूरला फोन लावतो. मागचे-पुढचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर अदलाबदल करून चार महिने काढायची सोयही गेली.

जेटी हे दुसरं प्रकरण. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट घ्यायची तर इलेक्ट्रिक गाडीवाल्याने पंचांगात एकादशीऐवजी भरती-ओहोटी बघावी. पाणी उतरलं की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यामध्ये कोन पडतो आणि लांब, बसकी गाडी नेमकी पोटावर टेकते. पोटात बॅटरी असते. परफॉर्मन्स आवृत्ती पुष्कळदा आणखी बसकी असते. माणसं उतरवा, गाडी सरळ ठेवा, पायी चालल्याच्या वेगाने चढवा. खरचटल्याचा आवाज आलाच तर ‘काय नाय, जरासा घासला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या पेटीचा तळ बघून घ्या.

पुळणीवर तर गाडी घालूच नये. एका मोटरची गाडी वाळूत दोन खड्डे करते, दोन मोटरींची चार. पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, पहिल्या क्षणाला येत असल्याने हे खणकाम जेसीबीला लाजवतं. ओढून काढायला ट्रॅक्टर मिळेल, पण बाहेर काढल्यावर चाकं जमिनीवर ठेवून गॅरेजपर्यंत ओढत नेऊ देऊ नका. चाकं फिरली की मोटर जनित्र होते आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. चारही चाकं वर घेणारा सपाट ट्रक लागतो, आणि तो तुमच्या आळीत वळत नाही.

एवढं वाचून परफॉर्मन्सचा नाद सुटला असेल तर वाचलेल्या पैशांतले थोडे जमिनीत पुरा. अक्षरशः. घरी ७ किलोवॉटचा चार्जर हवा तर ३२ अँपिअर लागतात, म्हणजे आधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायचा, मग मीटरपासून किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि विजेच्या लोळासाठी सर्ज प्रोटेक्टर. हे वायरमन करतो. घोडं अडतं ते अर्थिंगवर. आपल्या पायाखाली जांभा. पावसात तो पाणी पितो, एप्रिलमध्ये खडखडीत कोरडा. कोरड्या दगडातून वीज जात नाही, आणि सप्टेंबरात छान चालणारा चार्जर नेमका आंब्याच्या हंगामात लाल दिवा लावून बसतो. लोक गाडीला नावं ठेवतात, दोष अर्थिंगच्या खड्ड्याचा असतो. तीन मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि जागा अशी निवडा जिथे न्हाणीघराचं पाणी जातं. अळूचा वाफा सर्वात उत्तम. मीटर लावून मोजायला सांगा. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत आला पाहिजे. येत नसेल तर तीन मीटर अंतरावर दुसरा खड्डा मारून दोन्ही जोडा. तोवर १६ अँपिअरच्या प्लगवर भागवायचं तर ८२ युनिटांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला सोळा-सतरा तास मोजा. त्यात वीज जाणार, ती मोजू नका.

दोन मोटरींचा उपयोगच नाही असं मात्र नाही. ओल्या लाल मातीच्या चढावर चार चाकांची पकड मोलाची असते, आणि आंबोलीत चिऱ्याच्या डंपरमागे अडकलं की ताकद आठवते. पण त्या डंपरला मागे टाकायला सगळ्यात स्वस्त सीलचा ३१० न्यूटनमीटर टॉर्कही पुरतो. पकडच हवी असेल तर उंच गाडीत दोन मोटरी घ्या, बसक्या गाडीत नको. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथून सावंतवाडीला उतरताना माणसांनी भरलेली गाडी मोटरचं जनित्र करून दोन-अडीच युनिट परत कमावते, अट एवढीच की वर निघताना बॅटरी शंभर टक्के भरलेली नसावी. भरलेल्या हंड्यात पाणी ओतता येत नाही. मग सगळा उतार ब्रेकवर काढावा लागतो, आणि खाऱ्या हवेत न वापरलेल्या ब्रेकच्या तबकड्यांवर गंज बसलेला असतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा कचकचीत ब्रेक मारा.

राहता राहिलं काचेचं छप्पर. गाडी कुठलीही घ्या, अंगणात लावण्याआधी मान वर करून माड बघा. नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला आधी बोलवा, गाडीची डिलिव्हरी नंतरची घ्या.