बिग बँग बघायला कोणी नव्हतं, पण हेलियम आहे

एक दावा पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो: ‘मूलकणांचे सिद्धांत फक्त प्रयोगशाळेतल्या यंत्रांतच तपासता येतात. विश्वाच्या आरंभी बघायला कोणी नव्हतं. तिथले आकडे मागाहून जुळवून घेतात, म्हणून सिद्धांत कधी चुकतच नाही.’

बघायला कोणी नव्हतं, हे खरंच. पण पुरावा उरला आहे, आणि तो मोजता येतो. पहिल्या सेकंदाच्या आसपास न्यूट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांत बदलायचे थांबले. पुढच्या काही मिनिटांत थोडे न्यूट्रॉन विघटन पावले आणि साधारण सात प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला. आता हिशेब करा. 14 प्रोटॉन आणि 2 न्यूट्रॉन घेतले, तर त्यांतून हेलियमचं एक अणुकेंद्रक बनतं आणि 12 प्रोटॉन उरतात. म्हणजे 16 पैकी 4, वस्तुमानाचा चौथा हिस्सा हेलियम. ज्या छोट्या दीर्घिकांमध्ये ताऱ्यांनी फारशी भेसळ केलेली नाही, तिथल्या वायूच्या प्रकाशावरून मोजलं तर हेलियम सुमारे 24 ते 25 टक्के भरतो.

यात मूलकणांची परीक्षा कुठे आली? न्यूट्रिनो या अतिशय हलक्या मूलकणाचे तीन प्रकार माहीत आहेत. त्याचा आणखी एक हलका प्रकार असता, तर विश्व अधिक वेगानं प्रसरण पावलं असतं, अदलाबदल लवकर थांबली असती, न्यूट्रॉन जास्त उरले असते आणि हेलियम टक्काभर वाढला असता.

‘मागाहून जुळवलं’ हा आरोप तर तारखांपुढेच टिकत नाही. स्टाइगमन, श्रॅम आणि गन या शास्त्रज्ञांनी हेलियमवरून न्यूट्रिनोच्या प्रकारांच्या संख्येला मर्यादा घातली 1977 साली. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या लेप या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रानं ‘तीनच’ असा निर्वाळा दिला 1989 मध्ये, झेड नावाच्या जड मूलकणाच्या विघटनावरून. दोन्ही पद्धतींत सामाईक असं जवळजवळ काहीच नाही. पुढे प्लँक उपग्रहानं विश्व 3,80,000 वर्षांचं असतानाच्या प्रकाशावरून 2018 मध्ये या प्रकारांच्या संख्येचा जो आकडा दिला, तो 2.99, अधिक-उणे 0.17. मला हा मेळ या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

राहिलं ‘कधी चुकत नाही’. लिथियम बघा. हेलियम आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन) यांचं प्रमाण बरोबर सांगणारं हेच गणित लिथियम मात्र जुन्या ताऱ्यांत दिसतो त्याच्या जवळपास तिप्पट सांगतं. ताऱ्यांनीच तो जाळला असेल, किंवा गणितात काही नवं भौतिकशास्त्र सुटलं असेल. ही तफावत कोणी दडवलेली नाही. तिच्यावर दशकानुदशकं उघडपणे काम चालू आहे.